सही आधी घेतलेला फॉर्म

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांनी मला पाहणीचं काम मिळालं. नागपूरच्या एका संस्थेला गोंदिया जिल्ह्यातल्या डॉक्टरांना भेटून प्रश्न विचारणारा माणूस हवा होता. दवाखान्यात संगणक आहे का, तो कोण वापरतं, इंटरनेट चालतं का, मोबाइलवर पेशंटशी बोलता का, या सगळ्यानं काम सोपं झालं की वाढलं, असे ते प्रश्न होते. साल दोन हजार सहा किंवा सात असावं. संस्थेचं नाव मी लिहीत नाही, कुणाचंच लिहीत नाही. जे झालं ते माझ्या हातून झालं आणि तेवढंच मला सांगायचं आहे.

मी सांख्यिकी विभागात होतो. धानाच्या कापणीचे प्रयोग, गुरांची मोजणी, विहिरींची मोजणी, असल्या कामात तीस वर्षं गेली. ऑफिसात माझी एक ख्याती होती. माझे फॉर्म वरून परत येत नसत. रकाना रिकामा नाही, बेरीज चुकलेली नाही, खाडाखोड नाही. साहेब नवीन माणसाला माझा फॉर्म दाखवून म्हणायचे, असा भरायचा. या ख्यातीचा मला अभिमान होता, आणि पुढे जे घडलं त्याला तीच कारणीभूत झाली.

नव्या कामात माझा सुपरवायझर माझ्या मुलापेक्षा लहान होता. मी त्याला सर म्हणायचो, तो मला काका. त्यानं पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावून सांगितली. फॉर्मचं शेवटचं पान वेगळं होतं. त्यावर ‘वरील माहिती मी स्वतः दिली आहे’ असं छापलं होतं आणि खाली डॉक्टरांच्या सहीची जागा होती.

‘‘काका, सही आधी घ्यायची,’’ तो म्हणाला. ‘‘डॉक्टर मध्येच उठून जातात. पेशंट येतो, फोन येतो. मग सहीसाठी तुम्ही चार चकरा मारत बसाल. आधी सही, मग प्रश्न.’’

हे नियमात नव्हतं, पण सगळे तसंच करायचे. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. दुसरी पद्धत अशी की जागेवर पेन्सिलीनं कच्चा फॉर्म भरायचा आणि घरी बसून पेनानं पक्का करायचा. सहीचं पान पक्क्या फॉर्मला टाचायचं. म्हणजे सही एका कागदावर आणि उत्तरं दुसऱ्या कागदावर, आणि मधली टाचणी माझ्या हातात.

गोंदिया शहरातले डॉक्टर सुरुवातीला घेतले. एका डॉक्टरांच्या टेबलावर मोठा संगणक होता, वर प्लॅस्टिकचं आवरण, आवरणावर दसऱ्याचं कुंकू आणि वाळलेला झेंडू.

‘‘रोज किती तास वापरता?’’ मी विचारलं.

‘‘चाचाजी, ये मेरा नहीं, पेशंट का है,’’ ते म्हणाले. ‘‘पेशंट को दिखना चाहिए कि डॉक्टर के पास कंप्यूटर है. फीस पे झिकझिक नहीं करता फिर.’’

‘‘पण वापरता का?’’

‘‘बेटा आता है छुट्टी में. गेम खेलता है. लिख दो, कभी-कभी.’’

मी ‘कधीकधी’वर खूण केली. असे फॉर्म भरायला सोपे होते. सडक अर्जुनीला हायवेलगत एक वयस्कर डॉक्टर होते, त्यांच्याकडे संगणक नव्हता आणि त्यांना तो नकोही होता. पेशंट बहुतेक ट्रकवाले. आज इथे, उद्या रायपूरला, त्यांची नोंद ठेवून करायचं काय, असं त्यांचं म्हणणं. हेही सरळ होतं.

मग मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर गेलो. एसटीनं तालुक्यापर्यंत आणि पुढे जीपनं. आजूबाजूला तलाव आणि धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, केंद्र गावाबाहेर. तिथे तिशीच्या आतबाहेरची एक डॉक्टर होती, केंद्राची एकटीच. दुसरी जागा रिकामी होती. ती त्याच भागातली. पेशंटशी गावच्या बोलीत बोलायची, माझ्याशी शाळेतल्या मराठीत.

मी सहीचं पान पुढे केलं. तिनं ते वाचलं.

‘‘काका, माहिती दिलीच नाही अजून.’’

‘‘मॅडम, तुम्हाला मध्येच उठावं लागलं तर पंचाईत होते. सगळ्यांकडून असंच घेतो.’’

तिनं सही केली.

फॉर्ममध्ये बावीस विधानं होती. प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्णपणे. संगणकामुळे माझं काम सोपं झालं. नोंदी वेळेवर होतात. पेशंटला द्यायला जास्त वेळ मिळतो. सगळी विधानं याच सुरातली.

पहिल्याला ती म्हणाली, एक. दुसऱ्याला एक. पाच-सहा विधानं झाल्यावर मी जरा थांबलो. बाजूला नर्सबाई सुया उकळत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘लिहा ना जी. अर्धा लिहता येत असन तर अर्धा लिहा.’’

डॉक्टर हसली. मग तिनं मला आतल्या खोलीत नेऊन संगणक दाखवला. खोक्यातच होता. ऑपरेटर मंजूर झाला होता पण आलेला नव्हता. दिवसा लाइट नसायची, आणि टेलिफोनची लाइन पावसाळ्यापासून बंद होती. तरी दर आठवड्याची माहिती संगणकावरूनच पाठवायची, असा आदेश निघाला होता. म्हणून ती स्वतः तालुक्याच्या गावी जाऊन एका इंटरनेटच्या दुकानात बसून माहिती भरायची. जीप रोज भरवशाची नसे, बाजाराच्या दिवशी मात्र तिच्या फेऱ्या नक्की होत. त्यामुळे ती बाजाराच्या दिवशी जायची.

‘‘गाववाले का म्हणतात माहीत आहे का जी?’’ नर्सबाई म्हणाल्या. ‘‘डॉक्टरीनबाई बजार कराले जाऊन राहिली.’’

‘‘आणि येताना मी भाजी घेऊन येते,’’ डॉक्टर म्हणाली. ‘‘मग त्यांनी काय समजायचं?’’

त्या दिवशी केंद्रात डॉक्टर नसतो, ही तिची खरी काळजी होती. ऑपरेटरसाठी तिनं दोन पत्रं लिहिली होती, उत्तर नव्हतं. ती मला म्हणाली, ‘‘काका, तुमचा कागद तरी वर कोणी वाचत असेल. हे लिहून घ्या.’’ फॉर्ममध्ये एवढं सगळं लिहायला रकाना नव्हता. मी पान उलटं केलं आणि ती सांगत गेली तसं पेन्सिलीनं लिहून घेतलं. केंद्रात दिवसा वीज नाही, ऑपरेटर नाही, माहिती भरायला वैद्यकीय अधिकाऱ्याला आठवड्यातून एक दिवस केंद्र सोडून जावं लागतं, त्या दिवशी काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण. उरलेल्या विधानांनाही एकच उत्तर, एक. बावीसच्या बावीस.

घरी आल्यावर मी सुपरवायझरला फोन केला, कारण मला तो फॉर्म खटकत होता.

‘‘सगळे एक?’’ तो म्हणाला. ‘‘काका, सरळ रेषेचा फॉर्म चालत नाही. वर वाटतं घरी बसून भरला. बाद करतात आणि तपासणीला माणूस पाठवतात.’’

‘‘पण बाईंनी तसंच सांगितलं आहे.’’

‘‘सांगितलं असेल. पण कागदावर कसं दिसतं? एकदा परत जाऊन विचारून या. आणि मागच्या पानावर काही लिहू नका, तिथलं टायपिंगला जात नाही.’’

त्यानं मला खोटं लिहायला सांगितलं नव्हतं, हे इथे स्पष्ट केलं पाहिजे. परत जा म्हणाला होता. परत जायचं म्हणजे अख्खा दिवस, आणि गुडघा तेव्हा दुखत होता. पण तेही कारण पूर्ण खरं नाही. मी परत गेलो असतो तरी ती पुन्हा ‘एक’च म्हणाली असती, आणि तो फॉर्म माझ्या नावावर बाद झाला असता. तीस वर्षांत माझा एकही फॉर्म बाद झाला नव्हता.

दुपारी जेवण झाल्यावर मी टेबलाशी बसलो आणि पक्का फॉर्म भरला. खरी उत्तरं खोटी दिसत होती, म्हणून खरी दिसतील अशी उत्तरं मी लिहिली. तीन, चार, दोन, चार, तीन. फार चांगली नाहीत, फार वाईट नाहीत. बावीस विधानांखाली ‘ऑपरेटरअभावी अडचण येते का’ असा एक उलटा प्रश्न होता, उत्तर होय किंवा नाही, आणि तिनं ‘होय’ म्हटलं होतं. तिथे मी ‘नाही’वर खूण केली, कारण वर चार लिहून खाली ‘होय’ लिहिलं असतं तर दोन्ही उत्तरं जुळली नसती. मागचं पान कोरं ठेवलं. मग तिच्या सहीचं पान टाचलं. अर्धा तास लागला असेल. फॉर्म परत आला नाही.

त्यानंतरचा धान कापणीचा हंगाम आला. त्या गावात एका माणसाला बांधीत साप चावला. बाजाराचा दिवस होता. त्याला केंद्रावर आणलं तेव्हा डॉक्टर तालुक्याला होती. नर्सबाईंनी जमेल ते केलं आणि त्याला जीपमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं. माणूस वाचला. पण गावकऱ्यांनी अर्ज केला की डॉक्टरीणबाई दर आठवड्याला बाजाराला जातात, केंद्रावर नसतात. चौकशी लागली. तिनं सांगितलं, मी माहिती भरायला जाते, कारण ऑपरेटर नाही. चौकशी करणाऱ्यांच्या हाती तोपर्यंत आमच्या पाहणीचा गोषवारा आला होता. फॉर्मवर माहिती गुप्त राहील असं छापलेलं होतं, पण कोष्टक केंद्रवार होतं. त्या केंद्रापुढे ऑपरेटरअभावी अडचण नाही असं लिहिलेलं होतं, आणि त्या केंद्रात डॉक्टर एकच होती.

हे मला तिच्याकडूनच कळलं. पाहणीच्या वेळी मी पत्ता देऊन ठेवला होता. एका सकाळी ती गोंदियाला माझ्या घरी आली. बरोबर तिचे वडील होते. रेल्वेत गँगमन म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, पायात नवीन चपला. मुलीला डॉक्टर करणारा त्यांच्या वस्तीतला पहिला माणूस, हे तिनं नव्हे, त्यांनीच बसल्या बसल्या सांगितलं. चहा आला. तिनं कोष्टकाची झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली.

‘‘काका, मी असं सांगितलं होतं?’’

मी चष्मा लावून बराच वेळ कागद बघितला. बघायला काही नव्हतं.

‘‘वर टाइप करताना चूक झाली असेल,’’ मी म्हणालो.

‘‘मलाही तेच वाटलं,’’ ती म्हणाली. तिला बरं वाटलं होतं, ते चेहऱ्यावर दिसलं. ‘‘मग तुम्ही एक पत्र द्या. या डॉक्टरनं अडचण सांगितली होती एवढंच. गुरुवारी सुनावणी आहे.’’

वडील खुर्चीत पुढे सरकले. ते म्हणाले, ‘‘साहेब, म्हणजे हिनं तुम्हाले तवाच सांगलं होतं ना? ऑपरेटर नाही म्हणून?’’

एवढाच प्रश्न होता. होय म्हणायचं होतं. माझ्या डोक्यात त्या क्षणी आलं की पत्र दिलं तर फॉर्म काढून बघतील, आणि फॉर्मवरचं अक्षर टाइपिस्टचं नाही, माझं आहे.

‘‘इतके डॉक्टर भेटले,’’ मी म्हणालो, ‘‘नेमकं कोण काय बोललं, आता आठवत नाही हो. फॉर्म पाहून सांगावं लागेल.’’

वडिलांनी माझ्याकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. ‘‘सही तं तुहीच आहे,’’ ते तिला म्हणाले.

‘‘सही आधी घेतली होती, बाबा. सांगितलं ना तुम्हाला.’’

‘‘डॉक्टर माणूस कोऱ्या कागदावर सही कायले करन?’’

मी म्हणालो, बुधवारपर्यंत पत्र पाठवतो. तिनं पत्ता लिहून दिला. त्यांना मी फाटकापर्यंत पोचवायला गेलो. पेन्सिलीनं भरलेला कच्चा फॉर्म, मागच्या पानावरच्या तिच्या सगळ्या मजकुरासकट, त्या वेळी टेबलाच्या खणात होता. ती बसली होती तिथून हातभर अंतरावर. पुढच्या आठवड्यात मी तो फाडला. पत्र पाठवलं नाही.

सुनावणीनंतर तिच्या सेवापुस्तकात गैरहजेरीचा शेरा आला आणि तिची बदली झाली. नवीन जागी ती सहा महिने राहिली आणि मग तिनं नोकरी सोडली. हे मी पाहणीच्या दुसऱ्या फेरीत त्याच केंद्रावर गेलो तेव्हा नर्सबाईंनी सांगितलं. ऑपरेटर तोपर्यंत आलेला होता. खिडकीपाशी बसून टाइप करत होता.

‘‘मॅडमच्या टायमाले नाही आला,’’ नर्सबाई म्हणाल्या. ‘‘आता आला त आला.’’ मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘तुमी तं लिहलं होतं ना जी? मी होतो ना इथंच. पेन्सिलीनं.’’

‘‘लिहिलं होतं,’’ मी म्हणालो. ते खरं होतं.

पुढची काही वर्षं मी हे काम करत राहिलो. वाईट वाटायचं, पण रोज नाही. माणूस अशा गोष्टीसोबत राहू शकतो, हे मी स्वतःवरून सांगतो. पाहण्या पुढे टॅबलेटवर आल्या तेव्हा संस्थेनं मला नव्या मुलामुलींना शिकवायला बोलावलं. सुपरवायझर आता मोठ्या हुद्द्यावर होता. त्यानं माझी ओळख करून दिली की काकांचा एकही फॉर्म कधी परत आला नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग एका मुलीनं टॅबलेटवर फॉर्म उघडून दाखवला. त्यात सगळी उत्तरं भरल्याशिवाय सहीची चौकट उघडतच नव्हती.

‘‘हे काऊन असं केलं?’’ एकानं विचारलं.

‘‘पूर्वी लोक आधी सही घ्यायचे म्हणून,’’ सुपरवायझर म्हणाला आणि हसत माझ्याकडे पाहिलं. सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला जेवढी लाज वाटली तेवढी फॉर्म फाडताना वाटली नव्हती.

तिचा शोध घ्यायला फार त्रास पडला नाही. सडक अर्जुनीला तिनं स्वतःचा दवाखाना काढला होता. मी सकाळच्या एसटीनं गेलो, पत्र घरून लिहून नेलं होतं. बाकावर पेशंटमध्ये बसलो. माझ्या शेजारच्या बाईनं विचारलं, कायचा त्रास आहे. मी म्हणालो, गुडघ्याचा.

नंबर आल्यावर आत गेलो. तिनं मला ओळखलं. बसा म्हणाली. मी पत्र पुढे ठेवलं आणि तोंडानंही सगळं सांगितलं, बावीस एक, माझे तीन-चार, ‘नाही’वरची खूण, फाडलेला कागद. टेबलावर लॅपटॉप उघडा होता, तो तिनं ऐकता ऐकता बंद केला.

‘‘मला वाटायचं टाइपिस्टनं केलं,’’ ती म्हणाली. ‘‘त्या बिचाऱ्याला मी किती वर्षं शिव्या दिल्या.’’

मी म्हणालो की हे पत्र ती कुठेही दाखवू शकते, मी कुठेही यायला तयार आहे.

‘‘आता कुठे दाखवू? नोकरी मीच सोडली. शेरा तिथल्या कपाटात राहील.’’ मग म्हणाली, ‘‘बाबा असते तर त्यांना दाखवलं असतं. त्यांना शेवटपर्यंत वाटायचं की मी तुमच्यापुढे एक बोलले आणि चौकशीत दुसरं. मला तोंडावर कधी म्हणाले नाहीत. पण नोकरी सोडली तेव्हा अडवलंही नाही.’’

‘‘कधी गेले?’’

‘‘दोन वर्षं झाली.’’

तिनं पत्र उचलून वाचलं. मी ते फार विचार करून लिहिलं होतं. एका ओळीवर तिनं बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं, ‘पक्का फॉर्म भरताना माझ्याकडून चूक झाली.’

‘‘हे चूक नाही ना, काका,’’ ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. पेशंटला गोळी जेवणाआधी घ्या सांगावं तसं. ‘‘चूक टाइपिस्टची असती. तुम्ही बदललं.’’

तिनं पेन पुढे केलं. मी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, ‘डॉक्टरांनी दिलेली उत्तरं मी जाणूनबुजून बदलली आणि नंतर विचारल्यावर त्यांच्या वडिलांसमोर खोटं बोललो.’ दुसरा भाग तिनं सांगितला नव्हता. खाली सही आणि तारीख घातली. तिनं कागद घडी करून टेबलाच्या खणात ठेवला.

‘‘गुडघा दाखवायचा आहे का?’’ तिनं विचारलं. शेजारच्या बाईनं आत सांगितलं असावं.

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

‘‘मग या,’’ ती म्हणाली, आणि दाराकडे बघून पुढच्या पेशंटला हाक मारली.

तो कागद तिनं कुणाला दाखवला की नाही, मला माहीत नाही. पण खणातल्या एका कागदानं भागणार नाही, हे परतीच्या एसटीत लक्षात आलं. त्या गावात अजून म्हणत असतील की आमची डॉक्टरीण बाजाराला जायची. ती बाजाराला जात नव्हती. ती तालुक्याला माहिती भरायला जायची, तिनं ते वेळेवर सांगितलं होतं, आणि ज्याला सांगितलं त्यानं ते कागदावरून काढून टाकलं.